सोडता येणारी पकड

जुन्या मोटरसायकलचा डिस्क ब्रेक दोन तऱ्हांनी निकामी होतो. पहिली तऱ्हा सगळ्यांना कळते: लिव्हर दाबला तरी चाक थांबत नाही. दुसरी नेमकी उलटी. गाडी वर्षानुवर्षं शेडमध्ये उभी असते, कॅलिपरमधला पिस्टन आतल्या आत धरून बसतो आणि एकदा डिस्कला टेकलेला पॅड तिला सोडत नाही. मेकॅनिक म्हणतात, 'कॅलिपर जाम झालाय.' गाडी ढकलून पाहिली तर पुढचं चाक जोर लावूनही जेमतेम फिरतं. चाकाला थांबवणं एवढंच ब्रेकचं काम असतं, तर हा ब्रेक सर्वांत चोख म्हणावा लागला असता. चाकाला तो क्षणभरही मोकळं सोडत नाही. पण असं कोणी म्हणत नाही, गाडी सरळ गॅरेजमध्ये जाते. माणसाच्या बाबतीत मात्र आपण बिनदिक्कत असं म्हणतो. ज्याची मूठ कधी सैल होत नाही, जो कशालाच हात लावत नाही, ज्याला कोणी हसताना किंवा चवीनं जेवताना पाहिलेलं नाही, तो आपल्या लेखी संयमी ठरतो आणि आपण त्याच्यापुढे वाकतो. संयमाचं मोल धरून ठेवण्यात आहे, की धरता येण्यात आणि सोडताही येण्यात आहे, हा धर्मविचारातला जुना प्रश्न आहे. माझं उत्तर दुसऱ्या बाजूचं आहे. त्यापुढे जाऊन मला असंही वाटतं की सोडण्याची ताकद धरण्याच्या ताकदीपेक्षा नाजूक असते, ती आधी जाते आणि जाते तेव्हा सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. जाम झालेला कॅलिपर उघडून दुरुस्त करण्याच्या कामात याचा विचार करायला भरपूर जागा आहे.

होंडाची 1969 साली आलेली सीबी 750 घ्या. मोठ्या संख्येने बनलेल्या मोटरसायकलींमध्ये पुढच्या चाकाला हायड्रॉलिक डिस्क ब्रेक देण्याचा मान तिला दिला जातो. (आपल्याकडे फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सने 1983 पासून यामाहाची आरडी 350 'राजदूत' नावाने काढली तेव्हा पुढे डिस्कऐवजी ड्रम बसवला, त्यामुळे इथल्या त्या पिढीच्या गाड्यांत हा रोग सहसा दिसत नाही.) सीबी 750 च्या कॅलिपरमध्ये एकच पिस्टन आहे. लिव्हर दाबला की मास्टर सिलिंडरमधून ब्रेक ऑइलचा दाब येतो आणि पिस्टन पॅडला डिस्कवर रेटतो. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. लिव्हर सोडल्यावर पिस्टन मागे कसा येतो, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. ड्रम ब्रेकमध्ये शूज मागे ओढायला स्प्रिंग असते. कॅलिपरच्या आत पिस्टनला ओढणारी स्प्रिंग नाहीच. पिस्टनभोवती चौकोनी छेदाचं एक रबरी सील असतं आणि ते कॅलिपरच्या भिंतीत कोरलेल्या खोबणीत बसलेलं असतं. पिस्टन पुढे जाताना सीलची आतली कड त्याच्याबरोबर थोडी ओढली जाते आणि सील पिळवटतं. दाब गेला की ते आपल्या मूळ आकारात येतं आणि येताना पिस्टनला मिलिमीटरचा एखादा अंश मागे घेतं. गाडीची सगळी मोकळीक एवढ्या हालचालीवर उभी आहे.

आता दोन्ही बळांची तुलना करा. पकडण्यासाठी माणसाच्या हाताचा जोर हायड्रॉलिक्सने कित्येक पटींनी वाढून येतो. सोडण्यासाठी आहे ते रबराच्या एका कड्याचं लवचीकपण. म्हणून कॅलिपर बिघडायला लागला की सोडणं आधी बिघडतं. थोडासा गंज, थोडासा साका साठला तरी हाताचा जोर त्याला न जुमानता पिस्टनला पुढे ढकलू शकतो, पण बिचाऱ्या सीलला तेवढ्याच अडथळ्यातून पिस्टन मागे आणता येत नाही. या अवस्थेतली गाडी चालवणाऱ्याला ब्रेक उत्तम लागतो असंच वाटतं, आणि ते खरंही असतं. बिघाड आहे तो न दिसणाऱ्या बाजूला. माणसाचंही असंच होतं असं मला वाटतं. ज्याचा निग्रह कडक होत चालला आहे त्याला आपण अधिकाधिक समर्थ होतोय असंच वाटत राहतं, कारण ज्या कसोटीवर तो स्वतःला तपासतो ती फक्त धरण्याची कसोटी असते. उपवास पार पडला, राग गिळला, मोह टाळला. उपवास सुटल्यावर शांतपणे जेवता आलं का, राग गिळल्यावर त्या माणसाशी पुन्हा मोकळेपणाने बोलता आलं का, हे त्याच्या हिशेबात येत नाही.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाचं लक्षण सांगताना कासवाचा दृष्टान्त येतो. कासव जसं सगळीकडून अवयव आत ओढून घेतं तशी स्थितप्रज्ञ आपली इंद्रियं विषयांपासून आवरतो. मूळ श्लोकात आवरण्याचाच उल्लेख आहे. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरांनी हा श्लोक मराठीत उलगडला तेव्हा त्यांनी कासवाची दुसरी क्रियाही सांगितली, आणि आवरण्याच्या आधी सांगितली. प्रसन्न झालेलं कासव अवयव पसरतं, किंवा इच्छेला येईल तेव्हा ते आपणहून आवरून घेतं, असा त्यांच्या ओवीचा आशय आहे. त्याच्याच पुढे ते म्हणतात की अशा माणसाची इंद्रियं त्याच्या स्वाधीन असतात, तो सांगेल ते करतात. ही भर सहज पडलेली नाही, असं मी समजतो. ज्ञानेश्वरांना दिसलं होतं की अवयव फक्त आत ओढलेलं कासव आणि मेलेलं कासव बाहेरून सारखंच दिसतं. पसरणं सांगितल्याशिवाय आवरणं ही इच्छेची क्रिया आहे हे कळतच नाही. गीतेतही याला आधार आहे. त्याच अध्यायात पुढे रागद्वेषांतून सुटलेल्या आणि ताब्यात असलेल्या इंद्रियांनी विषयांमध्ये वावरणाऱ्याला प्रसाद लाभतो असं म्हटलं आहे, आणि तिसऱ्या अध्यायात कर्मेंद्रियं दाबून बसलेल्या पण मनाने विषयच घोळवणाऱ्याला मिथ्याचारी म्हटलं आहे. हा मिथ्याचारी म्हणजे जाम कॅलिपरच. बाहेर हालचाल शून्य आणि आत घर्षण चालूच.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. जगाचं दुःख काय अतिसंयमामुळे आहे? लोभ, हिंसा, व्यसन, वासना ही सगळी ब्रेक न लागल्याची उदाहरणं आहेत. न लागणारा ब्रेक पहिल्याच वळणावर जीव घेतो, न सुटणारा फार तर पेट्रोल जास्त खातो. मग दुसऱ्या दोषाचा एवढा बाऊ कशाला? हा आक्षेप दोन दोष वेगळे आहेत असं गृहीत धरतो. गॅरेजमधला अनुभव सांगतो की ते वेगळे राहत नाहीत. पॅड डिस्कला घासत राहिला की उष्णता साठते. ती पिस्टनमधून ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. डॉट 3 आणि डॉट 4 ही नेहमीची ब्रेक ऑइलं ग्लायकॉल जातीची, हवेतला ओलावा शोषून घेणारी. डॉट 3 चं नवं ऑइल किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असं मानक आहे, पण त्यात साडेतीन-पावणेचार टक्के पाणी मुरल्यावर हीच किमान मर्यादा 140 अंशांवर येते. घासणाऱ्या ब्रेकचं तापमान तिथवर चढायला लांबचा उतार पुरतो. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. चालवणारा लिव्हर ओढतो आणि तो रिकाम्यासारखा थेट हँडलला टेकतो. क्षणापूर्वी जो ब्रेक सोडत नव्हता तो आता धरत नाही. म्हणजे सोडता न येणं हा धरता न येण्याकडे जाणाराच रस्ता आहे. कठोर व्रतस्थ माणसं एखाद्या दिवशी अचानक आणि पूर्णपणे कोसळतात तेव्हा लोक म्हणतात, त्यांचा संयम कमी पडला. कमी पडला असेलही, पण तो अनेक वर्षं अखंड तापत होता हे कोणी पाहिलेलं नसतं. गीतेने तर ही उष्णता ओळखली होती: निराहार राहणाऱ्याचे विषय दूर जातात, गोडी मात्र मागे राहते, असं ती सांगते.

कॅलिपर जाम का होतो हेही पाहण्यासारखं आहे. फार वापरल्याने होतो अशी समजूत असते. पण रोज चालणाऱ्या आणि वेळच्या वेळी ऑइल बदललेल्या गाडीचा कॅलिपर क्वचितच धरतो. धरतो तो उभ्या गाडीचा, कोकणातल्या किंवा मुंबईतल्या दमट हवेत तर लवकरच. ऑइलमध्ये पाणी मुरतं, पाणी तळाशी असलेल्या कॅलिपरमध्ये आपलं काम करतं, स्टीलच्या पिस्टनवरचा क्रोमचा मुलामा फुगून सुटतो, आणि खोबणीत सीलच्या मागे अॅल्युमिनियमचा पांढरट, कडक साका जमतो. तो सीलला मागून रेटतो आणि सील पिस्टनला आवळतं. पिस्टनला हालचाल नाही म्हणून साका पुसला जात नाही, आणि साका आहे म्हणून हालचाल होत नाही. वापराविना धरून बसण्याची ही गोष्ट ज्ञानी माणसाने कर्म सोडावं की नाही या जुन्या वादालाही लागू पडते. लोकमान्य टिळकांनी 1910-11 च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिलं, ते 1915 साली प्रसिद्ध झालं. ज्ञान झाल्यावर कर्म सोडावं या शांकर परंपरेच्या निष्कर्षाविरुद्ध त्यांनी त्यात हजारभर पानांचा युक्तिवाद मांडला. त्यांचा भर लोकसंग्रहावर होता: ज्ञानी माणसाने कर्म करत राहावं ते लोकांसाठी. मला त्या बाजूला आणखी एक कारण दिसतं, आणि ते खुद्द ज्ञानी माणसाच्या हिताचं आहे. ज्या निग्रहाला व्यवहारात रोज पकडावं आणि सोडावं लागत नाही, त्याच्यामागे काय साचतंय हे त्यालाच कळत नाही. बाजारात, घरात, भांडणात, आजारपणात वावरणाऱ्याचा संयम दिवसातून दहा वेळा तपासला जातो. एकांतात उभ्या ठेवलेल्या संयमाची तपासणी पहिल्याच मोहाच्या दिवशी होते, तोवर उशीर झालेला असतो.

दुरुस्तीकडे वळू. जाम पिस्टन बाहेर काढताना घाईने कॉम्प्रेसरची हवा लावणारे असतात. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी शक्ती साठवते, त्यामुळे पिस्टन सुटतो तो गोळीसारखा, आणि समोर बोटं असली तर ती जातात. जाणता कारागीर गाडीचाच मास्टर सिलिंडर वापरतो, किंवा ऑइल येण्याच्या छिद्राला ग्रीस गन जोडतो. दाब तेवढाच किंवा जास्तही असतो, पण द्रव शक्ती साठवत नाही म्हणून पिस्टन इंचाइंचाने, शांतपणे बाहेर येतो. गरज पडली तर बेताची ऊब देतात, कारण अॅल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं आणि पकड ढिली होते. पण खरी दुरुस्ती पिस्टन निघाल्यानंतर सुरू होते आणि इथेच बहुतेक चुकतात. चकचकीत पिस्टन पाहून समाधान होतं, तो बसवून गाडी दिली जाते, आणि काही महिन्यांत ब्रेक पुन्हा चिकटतो. जुनं सील काढून फेकायचं असतं, आणि त्यामागची खोबण बारीक अणकुचीदार हत्याराने, अॅल्युमिनियमला ओरखडा न पाडता, पूर्ण वर्तुळभर खरवडून स्वच्छ करायची असते. हे काम कंटाळवाणं आणि झाल्यावर कोणालाही न दिसणारं आहे. खड्डे पडलेला पिस्टन बदलून स्टेनलेस स्टीलचा घालतात. सीबी 750 मध्ये ज्या कण्यावर कॅलिपरचा हात फिरतो तोही मोकळा करावा लागतो, नाहीतर एकच पॅड काम करतो आणि डिस्क एका बाजूला रेटली जाते. मनातल्या अशाच न दिसणाऱ्या साक्याबद्दल पतंजलींनी योगसूत्रात क्लेशांच्या, म्हणजे मनाच्या मूळ दोषांच्या, चार अवस्था सांगितल्या आहेत: प्रसुप्त, तनू, विच्छिन्न आणि उदार. निजलेला क्लेश हा गेलेला क्लेश नाही, हा त्या विभागणीचा रोख. मुक्त झाल्याची भावना आणि मुक्त होणं यांतलं अंतर ज्यांना समजून घ्यायचं आहे त्यांनी हे सूत्र आणि ही खोबण दोन्ही पाहावीत. आनंदाचं, रडण्याचं, क्षमा मागण्याचं एखादं शिबिर माणसाला मोकळं करून जातं, पिस्टन सुटतो हे खरं. सीलमागे जे होतं ते तसंच राहिलं तर तो मोकळेपणा पुढच्या पावसाळ्यापुरता असतो.

दुसरा आक्षेप व्रतस्थांच्या बाजूचा आहे आणि मला तो सर्वांत आदरणीय वाटतो. जैन साधूची महाव्रतं, संन्याशाचं ब्रह्मचर्य ही आजन्म असतात. सोडणं हेच तिथे पतन. मग हे सगळे जाम झालेले कॅलिपर समजायचे का? मुळीच नाही, आणि त्याचं कारण याच परंपरांच्या आचारात आहे. व्रत आजन्म असणं आणि मनाची मूठ अखंड आवळलेली असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना आपल्याहून चांगलं माहीत होतं. म्हणून जैन साधूला सकाळ-संध्याकाळ प्रतिक्रमण, म्हणजे घडलेल्या दोषांची उजळणी आणि कबुली, आहे, त्याखेरीज पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक प्रतिक्रमण आहे. बौद्ध भिक्षुसंघ दर पंधरवड्याला उपोसथाच्या दिवशी एकत्र जमून पातिमोक्खाचं, म्हणजे संघाच्या नियमांचं, पठण करतो, आणि दोष असेल तर आधी तो सांगून मोकळं व्हायचं असतं. थायलंडमध्ये तर पुरुषाने एका वर्षावासापुरतं, म्हणजे एका पावसाळ्यापुरतं, भिक्षूचं चीवर घ्यावं आणि मग संसारात परतावं ही मान्य रीत आहे, परतण्याला तिथे कोणी पाप समजत नाही. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलावं, ते खराब दिसो वा न दिसो, असं उत्पादक सांगतात. प्रतिक्रमणाची वेळही अपराध घडला की नाही यावर अवलंबून नसते. ज्यांनी आजन्म व्रतं रचली त्यांनीच ही नियमित उघडझाक रचली, याला मी माझ्या बाजूचा मोठा पुरावा मानतो.

एका ठिकाणी मात्र मला माघार घ्यावी लागते. दारूच्या आहारी गेलेल्या माणसाला 'धरता आणि सोडता आलं पाहिजे' असं सांगणं क्रूरपणाचं होईल. त्याने एक घोटही घेऊ नये हेच योग्य. ज्या गाडीच्या ब्रेकचा भरवसा उरलेला नाही ती रस्त्यावर न आणणं हा शहाणपणा आहे, त्याला कोणी भित्रेपणा म्हणू नये. पण तिथेही एक गोष्ट नजरेत भरते. 1935 साली ओहायोतल्या अॅक्रन इथे सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसने आपल्या लोकांना जन्मभराची शपथ घालण्याऐवजी आजच्या दिवसापुरतं थांबायला शिकवलं. रात्री ती पकड सुटते, सकाळी नव्याने घ्यायची असते. व्यसनाशी सर्वांत जवळून झुंजणाऱ्यांनीही अखंड आवळलेल्या मुठीवर भिस्त ठेवली नाही.

यंत्राला मन नसतं, तेव्हा यंत्रावरून मनाबद्दल काय सिद्ध होणार, हा तिसरा आक्षेप. सिद्ध काही होत नाही, हे मान्य. कॅलिपर इथे आपल्या कल्पनेची परीक्षा घेतो: संयमाची जी व्याख्या आपण मनात बाळगतो ती लावल्यावर जर निकामी ब्रेक उत्तम ठरत असेल, तर व्याख्येत काहीतरी राहून गेलं आहे. कठोपनिषदाने शरीराला रथ, बुद्धीला सारथी आणि मनाला लगाम म्हटलं तेव्हा तेही हेच करत होतं. आणि लगामही फक्त ओढायचा नसतो, कायम ओढलेल्या लगामाने घोडा जागचा हलत नाही. मोटरसायकल आणि तत्त्वज्ञान म्हटलं की रॉबर्ट पिर्सिग यांचं 1974 सालचं 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' आठवतं. त्यात अडकून बसलेल्या एका स्क्रूवर सुंदर चिंतन आहे, पण त्यांचं लक्ष अडलेल्या मेकॅनिकच्या मनाकडे आहे. अडकलेली वस्तू स्वतः काय सांगते, हा प्रश्न त्यांनी तिथे घेतला नाही आणि मला तो घ्यावासा वाटला.

शेवटचा आक्षेप असा की 'सोडता येणं' ही शिथिलतेला दिलेली सुबक पळवाट आहे. आज थोडं सोडू, उद्या आणखी थोडं. याचं उत्तर दुरुस्त झालेल्या कॅलिपरच्या तपासणीत आहे. नवं सील ब्रेक ऑइलमध्ये भिजवून बसवलं, हवा काढली, पॅड घातले, की लिव्हर दाबून सोडतात आणि चाक हाताने फिरवून पाहतात. ते मोकळं फिरलं पाहिजे, पण पॅड डिस्कपासून दूर गेलेले नसतात. ते इतके जवळ असतात की हलका स्पर्शही जाणवतो, आणि डिस्क ब्रेकमध्ये तो दोष धरत नाहीत. सीलने पिस्टनला मागे घेतलेलं असतं ते केसभरच, म्हणून पुढच्या वेळी बोट लावताच पकड तयार असते. पॅड फार मागे गेला तर तोही बिघाडच, मग लिव्हर दोनदा ओढावा लागतो. जिवंत संयमातलं सोडणं इतकंच असतं. बौद्ध परंपरा सांगते की सहा वर्षांच्या उग्र तपानंतर सिद्धार्थाने सुजातेच्या हातची खीर घेतली, आणि बरोबरचे पाच तपस्वी त्याला सुखलोलुप समजून सोडून गेले. त्यांना दोनच अवस्था ठाऊक होत्या, पूर्ण आवळलेली आणि पूर्ण सुटलेली, आणि खीर खाणारा पहिलीत नसेल तर दुसरीतच असणार. बोधीनंतर तो सारनाथला गेला तो याच पाचजणांकडे, आणि त्यांच्यापुढे त्याने सर्वांत आधी कामसुख आणि आत्मक्लेश ही दोन टोकं टाळणाऱ्या मार्गाचीच गोष्ट ठेवली.